अप्रमाद आणि आपले डोळे

संस्थेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात बहुधा गौरवाचे लेख येतात. संस्थापकांचे कष्ट, पहिल्या तुकडीच्या आठवणी, नामवंत झालेल्या विद्यार्थ्यांचा उल्लेख हे सारे तिच्यात यावेच. कारण ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, त्याने तो स्वतः लिहून ठेवला पाहिजे. तथापि मागचे मोजून झाल्यावर पुढच्या कामाचाही थोडा विचार व्हावा, अशी आमची नम्र अपेक्षा आहे. म्हणून या लेखासाठी आम्ही एक अगदी साधा, घरगुती वाटणारा विषय निवडला आहे : डोळ्यांची नियमित तपासणी, आणि तिच्या निमित्ताने आपण सारे उद्यावर ढकलत असलेल्या कामांचा हिशेब.

हा विषय शाळेच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही त्याचे उत्तर असे देतो. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली व पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा चालविल्या. शेकडो वर्षे ज्यांच्या डोळ्यांसमोर अक्षर येऊ दिले गेले नव्हते, त्यांच्यासमोर ते प्रथमच आले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८६२ मध्ये, हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने दृष्टी मोजण्यासाठी लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. आज दवाखान्याच्या भिंतीवर दिसतो तो तक्ता त्याचाच वंशज. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु आपल्या दृष्टीने त्या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. अक्षराचा हक्क मिळविणे ही एक बाजू, आणि ते अक्षर स्पष्ट दिसणे ही दुसरी. पहिलीसाठी आपल्या पूर्वजांनी पिढ्या खर्ची घातल्या. दुसरीसाठी वर्षातला एक दिवसही आपल्याकडून निघत नाही, ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते.

वाचनासाठी झिजलेल्या डोळ्यांचे सर्वांत थोर उदाहरण आपल्या घराघरांतील भिंतीवर आहे. ग्रंथांना जागा व्हावी म्हणून दादरला राजगृह बांधणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाने ग्रासलेले होते. १९४८ च्या आरंभी, संविधानाचा मसुदा आकाराला येत असतानाच, त्यांची प्रकृती ढासळली. त्याच वर्षी १५ एप्रिलला डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि माईसाहेबांच्या देखरेखीखाली उपचार चालू राहिले. ऑगस्ट १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या प्रकृतीविषयीची चिंता स्पष्टपणे कळविली आहे. डॉक्टर सुमारे महिनाभराच्या सलग उपचारांचा आग्रह धरीत होते आणि ते आणखी लांबविल्यास गुंतागुंत वाढेल, असे बजावीत होते. तरीही बाबासाहेबांची इच्छा अशी होती, की हिंदू कोड बिल आधी मार्गी लागावे आणि मग आपण डॉक्टरांच्या स्वाधीन व्हावे. ते बिल मार्गी लागले नाही. सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५४ मध्ये जून ते ऑक्टोबर एवढा काळ ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही क्षीण झाली होती. अशा शरीराने आणि अशा डोळ्यांनी त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे काम तडीस नेले. तो ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. ६ डिसेंबर १९५६ मागे पडून गेला होता.

या प्रसंगावरून ‘बाबासाहेबांनीही प्रकृतीकडे दुर्लक्ष केले’ असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी उपचार पुढे ढकलले ते या देशातील स्त्रियांना वारसा, घटस्फोट आणि दत्तक यांबाबत न्याय मिळावा म्हणून. आपण डोळ्यांची तपासणी पुढे ढकलतो ती कशासाठी? सोयाबीनची काढणी आहे, हळद शिजवायची आहे, पाहुण्यांकडे लग्न आहे, पोळा आहे, ‘बघू दिवाळीनंतर’. शिवाय त्या काळी मधुमेहाने बिघडणारा डोळ्यांचा पडदा वाचविण्यासाठी आजचे लेझर जगात कोठेच नव्हते. आज ते आहेत, डोळ्यांत देण्याची इंजेक्शने आहेत, आणि साधी तपासणी तर जिल्ह्याच्या गावी होते. त्यांच्यापाशी वेळ नव्हता आणि साधने अपुरी होती. आपल्यापाशी दोन्ही असताना आपण टाळतो. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

धम्माच्या भाषेत या टाळण्याला प्रमाद म्हणतात. धम्मपदातील दुसरा वर्ग ‘अप्पमाद वग्ग’ याच नावाचा आहे, आणि तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना केलेला अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच आहे. अप्रमाद म्हणजे जागरूकपणा. करावयाचे ते वेळेवर करणे. आपण हा शब्द वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो आणि विहाराच्या पायऱ्या उतरताना तेथेच ठेवून येतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा डोळ्यांची आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. चक्खुपाल नावाचे एक स्थविर होते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आडवे व्हायचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. डोळे दुखू लागले, पाणी गळू लागले. वैद्याने औषध दिले. ते निजून नाकात घालावयाचे होते. स्थविरांनी ते बसूनच घातले. गुण येईना तेव्हा वैद्याने विचारले, औषध बसून घेतले की निजून? स्थविर गप्प राहिले. वैद्याने पुन्हा विनविले आणि शेवटी निराश होऊन हात टेकले. स्थविरांचे दोन्ही डोळे गेले. त्याच क्षणी त्यांना अर्हत्त्व मिळाले, असे कथा सांगते. परंपरा या कथेत साधनेची निष्ठा पाहते, आणि ती तेथे आहेच. आमचे लक्ष मात्र त्या वैद्याकडे जाते. त्याचे औषध खोटे नव्हते. ते सांगितल्याप्रमाणे घेतले गेले नाही, आणि रुग्णाने विचारल्यावरही सांगितले नाही. ज्याला अर्हत्त्व मिळाले त्याची गोष्ट वेगळी. आपण मात्र डोळे घालवून काही मिळवीत नाही.

याच कथेत स्थविरांच्या आंधळेपणाचे कारण म्हणून मागील जन्मातील एक पापही सांगितले आहे. येथे आपण थांबले पाहिजे. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हा विचार बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारला आहे. कारण याच विचाराच्या आधारे माणसाच्या दैन्याला त्याचा स्वतःचाच दोष ठरविण्यात आले. आपण दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी आजीच्या डोळ्यांवर पडदा आला की आपल्याच घरात ‘भोग आहेत, भोगले पाहिजेत’ असे कोणीतरी म्हणतेच. मोतीबिंदू हा भोग नव्हे. तो डोळ्यातील भिंग गढूळ होण्याचा विकार आहे आणि ते भिंग बदलता येते. ज्या दुःखाला कारण आहे, त्याचा निरोधही आहे, एवढे तरी आपल्याला शिकविले गेले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सर्वच टाळणे सारखे घातक नसते. काही गोष्टी वाट पाहतात, काही पाहत नाहीत. डोळ्यांच्या बाबतीत हा भेद प्रत्येक पालकाला ठाऊक असला पाहिजे.

मोतीबिंदू काही काळ वाट पाहतो. उशिरा शस्त्रक्रिया केली तरी बहुधा दृष्टी परत येते. पण ‘पिकल्याशिवाय काढू नये’ हा समज जुन्या काळचा आहे. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. फार पिकू दिला तर ती अवघड होते आणि मध्यंतरीच्या काळात ओट्यावरून पडून खुब्याचे हाड मोडते ते वेगळेच. काचबिंदू मात्र वाट पाहत नाही. त्यात बहुधा दुखत नाही, लालीही नसते. कडेची दृष्टी हळूहळू आक्रसत जाते आणि जे गेले ते कोणत्याही औषधाने परत येत नाही. उरलेले वाचविणे एवढेच हाती राहते. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, डोळ्यांचा दाब तपासून घेणे हाच उपाय. मधुमेहाचेही तसेच. पडदा बिघडत असताना आरंभी नीट दिसत असते, आणि म्हणूनच माणूस फसतो. मधुमेह असणाऱ्याने, दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी.

लहान मुलांच्या बाबतीत तर मुदत ठरलेलीच असते. एका डोळ्याचा नंबर फार असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे अंधूक चित्र हळूहळू सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी या उपायांनी तो पुष्कळसा सुधारतो. वय वाढेल तसतशी आशा कमी होत जाते. मुलाला दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत असल्यामुळे ते तक्रार करीत नाही. तिरळेपणाला ‘नशीबवान’ म्हणून कौतुक करणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

अध्यापनाच्या दीर्घ काळात आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. मागच्या बाकावरचे मूल फळ्यावरचे न उतरविता शेजाऱ्याच्या वहीतले उतरविते. बेरीज येते, पण फळ्यावरचा आकडाच चुकीचा लिहिलेला असतो. वाचताना पुस्तक नाकाशी येते, डोळे बारीक होतात, डोके दुखते. चेंडू झेलता येत नाही म्हणून ते खेळातून बाजूला होते. अशा मुलावर ‘मठ्ठ’, ‘लक्ष नसलेला’ असा शिक्का बसतो, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत त्या शिक्क्यामागे जातीचा जुना पूर्वग्रह उभाच असतो. ज्या मुलाला फळा दिसत नाही, त्याच्या बुद्धीची परीक्षा घेण्याचा कोणाला काय अधिकार आहे? आधी डोळा तपासावा, मग गुण द्यावेत.

निवासी शाळेवर ही जबाबदारी दुहेरी येते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हापासून आपल्या चळवळीत वसतिगृहाला घराचे स्थान आहे. घरी आई ओळखते, की लेकरू दिव्याच्या फार जवळ बसते, संध्याकाळी ठेचकाळते. येथे ते ओळखणारे कोण? वर्गशिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकघरातील मावशी यांनीच ते ओळखावयाचे आहे. संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलाला अ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. शेवग्याचा पाला, पालेभाज्या, पपई हे आपल्या परिसरात सहज मिळणारे पदार्थ जेवणात असणे हीदेखील डोळ्यांची सेवाच आहे.

पालकांमध्ये चष्म्याविषयी अजून बरेच गैरसमज आहेत. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते म्हणून तो वाढतो, चष्मा लावला तरी आणि न लावला तरी. मुलीला चष्मा लागला तर स्थळे येणार नाहीत, ही भीती तर आपल्या घरांत शोभत नाही. ज्या बिलासाठी बाबासाहेबांनी आपले उपचार मागे ठेवले, ते बिल याच मुलींसाठी होते. तिचा चष्मा पेटीत कपड्यांखाली राहणार असेल, तर त्या बिलाचे आपण काय समजलो? घरातील स्त्रियांच्या डोळ्यांचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, हेही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. आजोबांची शस्त्रक्रिया होते. आजी ‘माझं काय आता’ म्हणते आणि आपण ते मान्य करून टाकतो.

शेतीच्या कामातील इजांबद्दल एक शब्द. मळणीयंत्रापाशी काडीकचरा डोळ्यात उडतो, धसकट लागते. तेव्हा मेडिकलमधून शेजाऱ्याने सुचविलेले थेंब आणून घालण्याची पद्धत फार घातक आहे. काही थेंबांत स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असताना ते घातल्यास जंतुसंसर्ग बळावून डोळा जाऊ शकतो, आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदूही होतो. अशा वेळी ‘उद्या बघू’ नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सोयी नाहीत, ही सबब आता पुरी पडत नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. शाळकरी मुलांना चष्मे देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर आपल्याच राज्यात, पालघर येथे, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला; त्यात शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. आपल्या मराठवाड्यातीलच, लातूर जिल्ह्याच्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९५ मध्ये आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणाऱ्या माणसाने एवढे काम उभे केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही दोष आहे, आणि त्यांपैकी किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपचार व्हावयाचे आहेत. एवढ्या मोठ्या आकड्यामागे उपकरणांची आणि पैशांची उणीव आहे, हे खरे. पण त्यात न गेलेल्या फेऱ्याही आहेत.

शासनाचे पथक येते त्या दिवशी मूल गावी गेलेले असते. चिठ्ठी मिळते, पण तालुक्याला नेणारे कोणी नसते, कारण बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. चष्मा मिळतो, काडी मोडते, आणि पुढे वर्षभर तो दुरुस्त होत नाही. योजना आणि मूल यांच्यामधले हे शेवटचे अंतर कोणताही शासननिर्णय चालून जाणार नाही. ते आपल्याच माणसांनी चालावे लागेल.

डोळ्यांनी शिकविलेला हा नियम इतर कामांनाही लावता येतो. वडील वारल्यावर सातबाऱ्यावरची वारसनोंद, मुलाचे जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, रक्तदाबाची तपासणी, भावाभावांतील अबोला ही सारी कामे आपण एकाच गाठोड्यात बांधून ‘नंतर’ नावाच्या खुंटीला टांगतो. ती गाठ सोडून एकेक काम बाहेर काढावे आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा : थांबल्याने हे बिघडणार आहे काय? प्रवेशाची तारीख उलटल्यावर मिळालेले वैधता प्रमाणपत्र काचबिंदूसारखेच असते. गेलेले वर्ष परत आणीत नाही. जे बिघडणार आहे ते आज करावे, उरलेले उद्या.

शेवटी आमची एक सूचना. जागतिक दृष्टी दिन ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. म्हणजे तो नेहमी ८ ते १४ ऑक्टोबर या दिवसांतच येतो, आपल्या दीक्षेच्या तारखेच्या आठवड्यात. या आठवड्यात संस्थेने दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची दृष्टी तपासावी. तक्ता, वीस फूट मोकळी जागा, चांगला उजेड आणि एक डोळा हलकेच झाकणारा तळहात एवढ्याने प्राथमिक तपासणी शिक्षकही करू शकतात. प्रत्येक डोळ्याची नोंद वहीत व्हावी. ज्याला कमी दिसते त्याला नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे कोण नेणार, त्याचे नाव त्याच ओळीत लिहावे, आणि महिन्याभराने चष्मा नाकावर आहे की पेटीत, हेही पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे हिंगोली, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरीत आहेत, त्यांनी एका मुलाची आणि एका आजीची ने-आण अंगावर घ्यावी. दवाखान्यात सोबत येणारा माणूस हे देणगीइतकेच मोलाचे दान आहे.

वर्षावासात गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. क्षीण होत चाललेल्या डोळ्यांनी पूर्ण केलेला तो ग्रंथ आहे. वाचणाऱ्याने पुस्तक हातभर लांब धरले, किंवा ‘तूच वाच बाई, मला दिसत नाही’ असे कोणी म्हणाले, तर वाचन संपल्यावर त्या व्यक्तीला विचारावे, की डोळे कधी तपासले होते. उत्तर ‘बघू’ असे आले, तर तेथेच दिवस ठरवावा आणि सोबत कोण जाणार तेही ठरवावे.